महापौरांना न विचारायचा प्रश्न

खर्र... खर्र... खर्र.

फरशीवरून प्लास्टिकचं भांडं ओढत येण्याचा आवाज आला आणि घरातली सकाळची शांतता मोडली. ताई स्वयंपाकघरात महापौरांशी बोलत होती, ती दचकून थांबली. महापौर तिथे नव्हते म्हणा. त्यांच्या जागी साखरेचा डबा होता. "साहेब, बसस्थानकावरच्या स्वच्छतागृहाला कुलूप लागलं तेव्हा समोरचं झाड माझ्या कमरेएवढं होतं, आता त्याच्या सावलीत गाड्या उभ्या राहतात," असं ती डब्याला हळू आवाजात, पण नीट डोळ्याला डोळा भिडवून सांगत होती. डब्याने उत्तर दिलं नव्हतं. खरे महापौर तरी देतील याची काय खात्री?

भांडं दारात आलं. मागून केस विस्कटलेली टिटवी आली. तिला नुकतंच तिसरं लागलं होतं. पाळण्यात असताना ती अशा काही आवाजात ओरडायची की शेजारच्यांनी हे नाव ठेवलं, आणि ते चिकटलं.

"शू आली का?" ताईने विचारलं.

"नाही. भांड्याला भूक लागली."

"बरं. मग बस त्याच्यावर, खाईल काहीतरी."

गेले काही आठवडे या घरात एकाच प्रश्नाचं राज्य होतं. लंगोट सुटले होते, चड्डी आली होती, आणि तेव्हापासून दर थोड्या वेळाने कुणी ना कुणी विचारत होतं, शू आली का? ताईच्या जिभेवर तर ते वाक्य पायरीवरच्या मांजरासारखं बसून राहिलं होतं. कुणी जरा चुळबुळ केली की ते उडी मारायचं. परवा नवरा खुर्चीत बसून मोबाईल शोधत इकडे तिकडे हलत होता, तर तिने भाजी चिरता चिरता त्यालाच विचारलं. "आली की सांगेन," तो म्हणाला.

ताई हे तिचं घरातलं नाव नव्हे. शहराच्या रेडिओ केंद्रावरून रोज सकाळी 'चौकातल्या गप्पा' नावाचा कार्यक्रम ती करायची. रस्ता, नळ, निवडणूक, नवं नाटक, तोडायला काढलेलं जुनं झाड, ज्याला जे बोलायचं ते त्याने फोन करून बोलायचं, आणि ज्याच्याकडे उत्तर असायला हवं त्याला समोर आणून बसवायचं. फोन करणारे तिला ताई म्हणत. तिच्या वडिलांच्या वयाचे लोकही ताई म्हणत. सासूबाई म्हणत, "जगाची ताई, आणि घरात दूध उतू चाललंय."

आजही दूध उतू गेलंच. सासूबाईंनी गॅस बंद केला, फडकं घेतलं आणि सुनेकडे निरखून पाहिलं.

"आज तो येणार ना, तुझा लोणी लावलेला?"

"महापौर, आई. आणि माझा कशाला?"

"धरून ठेव हं. हातातून सुटायची सवय आहे त्याला."

"त्यांना धरीन हो, पण मला मोठ्या बाईंनी धरलंय."

हसत म्हणाली खरी, पण ते खरंच होतं. मोठ्या बाई म्हणजे केंद्राच्या प्रमुख. भाषेच्या बाबतीत त्यांचा कान असा की निवेदकाने श्वास चुकीच्या जागी घेतला तरी त्यांच्या कपाळावर आठी पडायची. त्यांनी काल ताईला खोलीत बोलावलं होतं.

"बाळंतपणाच्या रजेवरून आलीस तेव्हापासून मी ऐकतेय," त्या म्हणाल्या होत्या. "हवामान सांगताना श्रोत्यांना टोपडं घालायला सांगितलंस. बातम्यांच्या आधी 'चला, आता टाटा करा' म्हणालीस. त्या बिचाऱ्या मूर्तिकाराला 'शहाणं माझं ते' म्हणालीस, तो अजून लोकांना तोंड दाखवत नाही."

"तो खूश होता, बाई. त्याने पेढे..."

"उचलली जीभ लावली टाळ्याला, असं रेडिओवर चालत नाही. उद्या महापौर आहेत. उद्या घसरलीस तर सोमवारपासून गप्पा थेट नाहीत. आधी रेकॉर्ड करायच्या, कात्री लावायची, मग हवेत सोडायच्या. बिनचूक."

बिनचूक. रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमात फोन कुठून येणार? ज्याने विचारायचं तो दुकान उघडत असणार, बस चालवत असणार. त्याचा प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेणार आणि ताई तो वाचून दाखवणार. म्हणजे चौक राहिला असता, गप्पा गेल्या असत्या. माणूस मध्येच तोडून बोलतो, रागावतो, हसतो, फोन धरूनच गिऱ्हाईकाला भाव सांगतो, तेच तर तिला आवडायचं. दिवसभर टिटवीच्या मागे धावून रात्री अंग टाकताना तिला ते आवाजच आठवायचे.

"आज नाही घसरायची," ती साखरेच्या डब्याला म्हणाली, आणि तो फळीवर ठेवून दिला.

टिटवीला सासूबाईंजवळ सोडून ती निघाली. दारात टिटवीने विचारलं, "तू रेडिओत चाललीस?"

"रेडिओत नाही गं, रेडिओवर."

"वर कशाला? आतच बस. पडशील."

*

रेडिओ केंद्राची इमारत बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत होती. ताई रोज त्या कुलपासमोरूनच जायची. निळ्या दारावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी होती, आणि पाटी इतकी जुनी झाली होती की आता तिलाच दुरुस्तीची गरज होती. दारासमोर फुलवाली बसायची. ताई दिसली की ती हात हलवायची आणि ताई नसली की तिच्या ट्रान्झिस्टरमधून ताईचा आवाज यायचा.

स्टुडिओत शांतोबा आधीच येऊन बसला होता. तो ध्वनियंत्रं सांभाळायचा. बोलायचा इतकं कमी की नवीन माणसाला वाटे हा मुका आहे. अंगठा वर म्हणजे सुरू, तळवा म्हणजे थांब, भुवया वर म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय. ताईने त्याच्या भुवया आजवर एकदाच वर गेलेल्या पाहिल्या होत्या, छतातून पाणी गळून यंत्रावर पडलं तेव्हा.

महापौर आले ते हसत आले. ते नेहमी हसतच येत. रुंद चेहरा, इस्त्रीचा शर्ट, आणि आवाज असा की प्रश्न त्याच्यावरून घसरून पलीकडे पडावा. मागे त्यांचे सहायक बॅग छातीशी धरून होते.

"सकाळपासून साहेबांना श्वास घ्यायला वेळ नाही," सहायक सांगू लागले. "आधी वाचनालयाचं उद्घाटन, मग दवाखान्याचं, मग क्रीडांगणाचं. सगळीकडे आग्रह. चहा घ्या, सरबत घ्या. साहेबांना नाही म्हणता येत नाही."

"लोकांचं मन मोडवत नाही," महापौर म्हणाले.

तेवढ्यात कुणीतरी त्यांच्यापुढे केंद्राचा चहा ठेवला. त्यांनी केंद्राचंही मन मोडलं नाही.

लाल दिवा लागला. काचेपलीकडे शांतोबाचा अंगठा वर झाला. त्याच्या मागे, हाताची घडी घालून, मोठ्या बाई येऊन उभ्या राहिल्या. ताई पाणी प्यायली, तिने सुरुवात केली, आणि सुरुवात छान झाली. जोडाक्षरं नीट, श्वास जिथल्या तिथे. टोपडं नाही, टाटा नाही. मोठ्या बाईंच्या कपाळावर एकही आठी नव्हती.

"महापौरसाहेब, बसस्थानकावरचं स्वच्छतागृह दुरुस्तीसाठी बंद केलंत, त्याला बराच काळ लोटला. ते कधी उघडणार?"

"फार चांगला प्रश्न विचारलात, ताई. पण कसं आहे, प्रश्न हा कधी नुसता प्रश्न नसतो. त्याला बाजू असतात."

"कोणत्या?"

"सगळ्याच. आता शहर म्हटलं की वाढ आली, वाढ म्हटली की नियोजन आलं. ही बाब प्रक्रियेत आहे."

"प्रक्रियेत म्हणजे कुठे?"

"पुढच्या टप्प्यावर."

"मागचा टप्पा कोणता होता?"

"तोही प्रक्रियेतच होता."

साखरेचा डबा बरा होता, निदान तो गप्प बसायचा. ताई चिकाटीने विचारत राहिली. ती डावीकडून गेली की ते उजवीकडे सरकत, ती उजवीकडून आली की ते विकासावर बोलत. भिजत घोंगडं ते इतक्या प्रेमाने भिजवत होते की ऐकणाऱ्याला वाटावं, घोंगड्याची हीच हौस आहे.

पण ते नुसते बोलण्यातच सरकत नव्हते. खुर्चीतही सरकत होते. ताईचे कान त्यांच्या नियोजनाकडे होते आणि डोळे हळूहळू त्यांच्या गुडघ्यांकडे गेले. आधी उजवा पाय डाव्यावर. मग डावा उजव्यावर. मग दोन्ही घट्ट जवळ. मग खुर्चीच्या अगदी कडेला येऊन, एक खांदा किंचित वर, बोलता बोलता एक सूक्ष्म झोका. हे बसणं तिने कुठेतरी पाहिलं होतं. कुठेतरी कशाला, दिवसातून कितीतरी वेळा पाहत होती.

"...आणि म्हणून दीर्घकालीन दृष्टीने विचार केला तर," महापौर म्हणत होते, आणि कपाळावर घामाचा एक थेंब आला होता.

"शू आली का?" ताईने विचारलं.

अगदी मायेने विचारलं. शेवटचा शब्द थोडा लांबवून, मान एका बाजूला कलवून.

रेडिओवर शांतता म्हणजे पाप. ते पाप आता घडत होतं आणि शहरभर ऐकू जात होतं. शांतोबाच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. सहायकांनी बॅग तोंडापुढे धरली. मोठ्या बाईंचा चेहरा ताईने पाहिला नाही. तिची हिंमतच झाली नाही.

महापौरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते नेहमीचं हसू गळून पडलं आणि त्याच्या खालून एक दमलेला, अवघडलेला, बऱ्याच वर्षांत ज्याला कुणी मायेने काही विचारलेलं नाही असा माणूस वर आला.

"हो," ते म्हणाले. "आलीय जरा."

"मग आधी जाऊन ये बघू. पळ."

आणि महापौर पळाले. हेडफोन कानावर तसाच होता, वायर ताणली गेली, शांतोबा धावत आत आला आणि त्याने त्यांना सोडवलं. सहायक बॅग घेऊन मागे. दार बंद झालं. जिन्यावरून पावलांचा आवाज खाली गेला.

मग ताईला कळलं, आपण काय बोललो ते.

काचेपलीकडून मोठ्या बाई हाताने गोल गोल खूण करत होत्या: गाणं लाव. शांतोबाचं बोट बटणावर तयार होतं, तो फक्त तिच्या मान हलवण्याची वाट पाहत होता. गाणं लावलं की लाज झाकली जाईल. गाणं संपेपर्यंत महापौर येतील, पुन्हा नियोजन सुरू होईल, आणि सोमवारपासून कात्री. गाणं न लावलं तरी कात्रीच. मग निदान शेवटच्या दिवशी तरी लोकांशी खोटं कशाला?

तिने शांतोबाकडे पाहून मान नकारार्थी हलवली आणि माईक जवळ ओढला.

"मंडळी, महापौरसाहेब जरा बाहेर गेलेत. कुठे गेलेत ते तुम्ही ऐकलंच आहे, आता ताकाला जाऊन भांडं काय लपवायचं. माझ्या घरी तिसऱ्या वर्षातलं लेकरू आहे. हा प्रश्न माझ्या तोंडात बसलाय, तो चुकीच्या जागी उठला. त्याबद्दल मी साहेबांची माफी मागते, ते आल्यावर पुन्हा मागेन. पण ते जिथे गेलेत तिथलं दार उघडं आहे, एवढं मात्र खरं. बसस्थानकावरचं बंद आहे. ते येईपर्यंत तुम्ही बोला. फोन सुरू आहेत."

फोन सुरू आहेत म्हणायचा अवकाश, टेबलावरचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले.

पहिला फोन निवृत्त मास्तरांचा. ते रोज करत. शहरात काही होवो, मास्तरांना त्यातलं व्याकरण दिसे.

"ताई, नमस्कार. एक दुरुस्ती. 'शू आली' हे बरोबर. शब्द स्त्रीलिंगीच आहे. पण 'पळ' हे एकवचनी झालं. पदाचा मान राखून 'पळा' हवं होतं."

"चुकलं, मास्तर."

"चुकलं तरी अर्थ पोचला. बाकी माझ्या आईनंतर मला कुणी असं विचारलेलं नाही. आता या वयात विचारायला हवं, तर कुणी विचारत नाही. मी त्या कुलपापायी बसने कुठे जाणंच सोडलंय. एवढंच. आभार."

दुसरा फोन बसच्या चालकाचा. मागे इंजिनाची घरघर होती.

"ताई, बस उभी आहे हां, चालवताना नाही करत फोन. आमचा मार्ग दूरचा. स्थानकात आलो की आधी कुलूप दिसतं. मग मी हॉटेलवाल्याकडे जातो. तो म्हणतो, आधी काहीतरी घ्या. मग चहा घेतो. मग तोच चहा घेऊन पुढच्या स्थानकापर्यंत जातो. हे चक्र आहे बघा. प्रक्रियेत आहे."

काचेपलीकडे शांतोबा हसला. आवाजासकट हसला. असा आवाज त्याला आहे हे ताईला पहिल्यांदा कळलं.

तिसरा फोन लागला तेव्हा पलीकडे आधी बसचे भोंगे ऐकू आले, मग एक बाई कुणाला तरी म्हणाली, "पांढरी नाहीत, पिवळी घे, ताजी आहेत, थांब जरा, मी रेडिओवर आहे."

"बोला," ताई म्हणाली. तिने आवाज ओळखला होता.

"मी फुलवाली. त्या निळ्या दारासमोर बसते ती. साहेब आले का आत?"

महापौर खरोखरच दारात उभे होते. हात धुतलेले, चेहराही धुतलेला. त्यांच्या चालण्यात एक हलकेपणा आला होता. ते येऊन खुर्चीत पूर्ण टेकून बसले आणि त्यांनी हेडफोन लावला.

"आलो," ते म्हणाले.

"आता बरं वाटलं का, साहेब?" फुलवालीने विचारलं.

महापौरांनी माईककडे पाहिलं. ताईला भीती वाटली की आता रागावतील, उठून जातील. तिने माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"हो, बाई. बरं वाटलं."

"तेवढंच. आम्हालाही तेवढंच पाहिजे, दुसरं काही नाही. मी सकाळी घरून निघते ती परत जाईपर्यंत पाण्याला तोंड लावत नाही. फुलांवर मारते पाणी, स्वतः पीत नाही. उन्हाळ्यात फुलं टवटवीत आणि मी सुकलेली. गिऱ्हाईक हसतं."

तिने हे रडत सांगितलं नाही. भाव सांगावा तसं सांगितलं, आणि मध्येच कुणाला तरी "सुटे दे" म्हणाली.

महापौरांनी टेबलावरचा चहाचा रिकामा कप थोडा पुढे सरकवला, थोडा मागे घेतला. ताईने फक्त मान थोडी कलवली, टिटवी काहीतरी लपवत असते आणि सांगावं की नको या विचारात असते तेव्हा घरी कलवते तशी.

"काम झालंय," महापौर अचानक म्हणाले.

"कोणतं काम?"

"स्वच्छतागृहाचं. दुरुस्ती झालीय. केव्हाच झालीय. नळ आहेत, दिवे आहेत, आरसासुद्धा आहे."

"मग बंद का आहे?"

ते इतके हळू बोलले की शांतोबाला आवाज वाढवावा लागला. "उद्घाटन व्हायचंय."

"कुणामुळे राहिलंय?"

"तारीख मिळत नव्हती."

"कुणाची?"

"माझीच," महापौर म्हणाले, आणि आपल्याच उत्तराने ओशाळून हसू लागले. आधी ओठांत, मग मोठ्याने. हे हसू येतानाच्या हसण्यासारखं नव्हतं. हे पोटातून आलं. ताईलाही हसू आवरेना. फोनवर फुलवालीही हसत होती.

"अहो साहेब," ती म्हणाली, "किल्ली पाठवा. फीत आम्ही मनातल्या मनात कापू."

"आज पाठवतो."

"आज म्हणजे प्रक्रियेत आज की खरंच आज?"

"आत्ता. हे बघा, माझे सहायक निघालेसुद्धा." सहायक निघाले नव्हते, पण हे ऐकून निघाले.

वेळ संपत आली. ताईने ठरल्याप्रमाणे माफी मागितली. महापौर म्हणाले, "राहू द्या हो. घरी जाऊन आईला सांगतो, तुझ्यानंतर तुझं काम करणारं कुणीतरी भेटलं म्हणून." लाल दिवा विझला.

*

मोठ्या बाईंच्या खोलीत जाताना ताईने मनात सगळं आवरून घेतलं होतं. रेकॉर्डिंग तर रेकॉर्डिंग. कुणाच्या चिठ्ठ्या वाचायच्या तर वाचू. रडायचं मात्र नाही, पदर नाही आणि रुमाल टिटवीच्या नाकासाठी घरी राहिलाय.

बाई खिडकीशी उभ्या होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "'शू'चं एक वेळ सोड. तुझी जीभ आहे, घसरली. पण 'पळ'? शहराच्या प्रथम नागरिकाला 'पळ'?"

"मास्तरांनी दुरुस्त केलं, बाई."

"मी ऐकलं. मास्तरांचा मला आत्ता फोनही आला. म्हणाले, कार्यक्रम उत्तम, क्रियापद सुधारा." त्या वळल्या. कपाळावर आठी होतीच, पण आठीखाली काहीतरी हलत होतं, दाबलेलं. "मला एक सांग. मी गाणं लाव म्हणत होते. तू का नाही लावलंस?"

ताईने होतं ते सांगितलं. "लोकांनी ऐकलं होतं, बाई. त्यांच्यादेखत झाकायचं कसं?"

बाई खुर्चीत बसल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"महापौरांच्या कार्यालयातून विचारत होते, पुन्हा प्रसारण करताना तो भाग वगळता येईल का. मी नाही म्हटलं. म्हटलं, वगळला तर पुढचं काही कळणारच नाही." मग जरा थांबून, टेबलाकडे बघत त्या म्हणाल्या, "रेकॉर्ड केलेलं असतं, तर मी तेच पहिलं कापलं असतं. डोळे मिटून. आणि ती किल्ली खिशातच राहिली असती."

ताईला वाटत होतं की आपण श्वास घेतला तर हे वाक्य मोडेल.

"गप्पा थेट राहतील," बाई म्हणाल्या. "पण पाहुण्यांना अहो-जाहो. आणि ते टोपडं..."

"नाही, बाई."

"नाही काय. थंडीत सांगितलंस तरी हरकत नाही. माझ्या आईला आवडलं होतं."

ताई जिना उतरली ती जवळजवळ उड्या मारत. गल्लीच्या तोंडाशी गर्दी जमली होती. निळं दार सताड उघडं होतं आणि सहायक महाशय किल्ली हातात धरून घामाघूम उभे होते, त्यांना कुणीतरी सरबत देत होतं आणि ते नको नको म्हणत होते. फुलवाली आपल्या जागेवर नव्हती. तिच्या फुलांवर शेजारचा खेळणीवाला लक्ष ठेवून होता. थोड्या वेळाने ती आतून बाहेर आली, ओले हात झटकत, ताईला पाहून थांबली.

"आरसा खरंच आहे गं," ती म्हणाली.

तिने टिटवीसाठी पिवळी फुलं दिली, आणि पैशाचं नाव काढलं तर दार पुन्हा लावायची धमकी.

*

घरी सासूबाई दारातच होत्या.

"ये. माझ्या बहिणीचा फोन येऊन गेला, शेजारणीचा येऊन गेला, तुझ्या नवऱ्याचा तर दोनदा. सगळे विचारतात, ती तुमचीच सून ना. मी म्हटलं, आमचीच, चांगलं वळण आहे तिला, मोठ्यांची विचारपूस करते."

"आई, तुम्ही रागावलात?"

"रागावू कशाला? त्या लोणी लावलेल्याला तू धरलंस तर खरं. कुठे धरलंस ते जाऊ दे." त्यांनी तोंडाला पदर लावला, बराच वेळ त्यांचे खांदे हलत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ती मात्र रुसलीय. कार्यक्रम संपल्यापासून बोलत नाहीये. मी विचारून थकले."

टिटवी आतल्या खोलीत रेडिओसमोर बसली होती. रेडिओ बंद होता. ती त्याच्या जाळीला डोळा लावून आत पाहत होती. चड्डी कोरडी होती, हे ताईने आधी पाहिलं, सवय.

"टिटवे, बघ, काय आणलंय."

टिटवीने फुलांकडे पाहिलं नाही.

ताई तिच्या शेजारी फरशीवर बसली. सकाळपासूनचा आनंद अंगात होता, तो तिला या पिल्लाला कुशीत घेऊन सांगायचा होता: की आईचं काम वाचलं, की एक दार उघडलं, की एक फुलवाली आता पाणी पिणार. तिने तिच्या विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला.

"काय झालं गं राणी? कोण बोललं तुला?"

"तू."

"मी काय बोलले?"

"तू मला विचारलंस, शू आली का. मी सांगितलं, नाही आली. तरी तू म्हणालीस पळ. मला नव्हतं जायचं." तिचा खालचा ओठ बाहेर आला. "मी पळाले. आजी म्हणाली, कुठे पळतेस. मी परत आले आणि तुला मोठ्याने सांगितलं, नाही आली, नाही आली. तू बघितलंच नाहीस."

ताईला हसू आलं.

"अगं, ते मी त्या काकांना..."

"मग मास्तर आजोबा बोलले, त्यांचं तू ऐकलंस. बसवाल्या काकांचं ऐकलंस. फुलांच्या मावशीचं पण." टिटवीने आता पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, नुसतं कोडं होतं. "मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोलत होते, आई. मग सगळ्यांचं ऐकू येतं, तर माझंच का नाही आलं?"